वाशीमचं वावर बाजारात कसं आलं

वऱ्हाडातल्या कुणब्याची वावरं सावकाराकडे गहाण पडली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी अख्खा वऱ्हाड प्रांतच गहाण पडला होता, ही गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती आणि तिचा पगार निजामाच्या तिजोरीतून व्हायचा. पगार थकला की कंपनी सरकार स्वतः पैसे भरून ते निजामाच्या नावे लिहायचं. बाकी फुगत गेली आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची, आणि खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामाला. सावकारी व्यवहारात याला ताबेगहाण म्हणतात. १८६० च्या तहात निजामाचं ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळालं. वऱ्हाड मात्र सुटला नाही. दिवाण सालारजंग यांनी तो सोडवायची पुष्कळ खटपट केली, ती वाया गेली. शेवटी १९०२ मध्ये या गहाणाचा कायमचा मक्ता झाला. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला, प्रांत इंग्रजांकडे.

या अर्ध्या शतकातच वऱ्हाडातली जमीन मोजली गेली, तिला नंबर पडले, ती नावावर चढली आणि विकण्याजोगी झाली. पेनगंगेच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या रांगेवरच्या पठारावर वसलेला वाशीमचा मुलूख या बदलात जरा उशिराच सापडला. इंग्रजांच्या कागदात त्याचं नाव 'बासीम'. वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा हा जिल्हा १९०५ मध्ये मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मधल्या काळात जिल्ह्याची हद्द बदलली तशी जमिनीची किंमतही बदलली, आणि ती किंमत कोण ठरवतो हा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहिला.

जमीन उदंड, माणूस तोकडा

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातल्या या दानपत्रात ब्राह्मणांना एक गाव दिलेलं आहे आणि सोबत सवलतींची लांबलचक यादी आहे. राजा देतो आहे तो गावावरचा आपला हक्क. गावातला नांगरधारी तिथेच राहतो, फक्त त्याचा वाटा आता दुसऱ्याच्या घरी जातो. पुढे मोगलांच्या कागदपत्रांत, आइन-इ-अकबरीत, वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये बासीमचं नाव येतं. तिथेही मोजदाद आहे ती वसुलाची. पाटीलकी, देशमुखी, देशपांडेपण ही वतनं गहाण पडत, विकली जात, भावाभावांत वाटली जात. त्यांना भाव होता, कारण त्यांच्यामागे मान आणि हक्काचं उत्पन्न होतं. नुसत्या शेताला मात्र गिऱ्हाईक शोधावं लागे. जमीन भरपूर होती आणि ती कसायला माणसं नव्हती.

माणसं नव्हती याला कारणंही होती. निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांचेही कमाविसदार एकाच मुलखातून वसूल करत. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला, देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. त्याच सुमारास मोठा दुष्काळही पडला. मग निजामाने वसुलाचे मक्ते लिलावाने द्यायला सुरुवात केली. पुरणमल सावकार, मुंबईचे पारशी पेढीवाले पेस्तनजी मेहेरजी अशी बडी मंडळी आगाऊ पैसे भरून मुलूख मक्त्याने घेत आणि रयतेकडून ते वसूल करत. पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडातला कापूस बैलांवर लादून मुंबईला पाठवायला सुरुवात केली, हेही खरं. पण मक्तेदार बदलला की मागणी बदलायची. असह्य झालं की कुणबी बैलजोडी घेऊन रातोरात दुसऱ्या गावी जायचा. तिथला पाटील त्याला हसतमुखाने वावर द्यायचा, कारण त्यालाही हात हवेच होते. त्या काळात रयतेचं खरं शस्त्र हेच होतं. तिला जमीन विकता येत नव्हती, पण सोडून जाता येत होतं.

साखळी आणि पहार

इंग्रजांपुढे पहिला प्रश्न होता, मालक कुणाला करायचं. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारीचा घाट होता. वऱ्हाडातही पाटलाला गावाचा मालक करावं, असा विचार १८६० च्या सुमारास झाला. तो मागे पडला आणि १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातली रयतवारी मोजणी वऱ्हाडात आली. या एका निर्णयाने वऱ्हाडचा रस्ता नागपूरपासून वेगळा झाला. सरकारचा हिशेब थेट खातेदाराशी जुळला.

ही मोजणी जवळून पाहण्यासारखी आहे. मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज वाशीमच्या चहाच्या टपरीवर 'दोन एकर दहा गुंठे' असं कुणी म्हणतो तेव्हा तो त्याच साखळीची भाषा बोलत असतो. मोजणी झाली की प्रतवारीचा कारकून यायचा. शेताचे काल्पनिक चौकोन पाडून तो ठिकठिकाणी पहारीने माती उकरून बघायचा. काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर सोळा आणे. खोली कमी होत जाईल तसे आणे उतरत. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा पाझर असे दोष असले की आणखी घट. या आण्यांवरून आणि गावाच्या बाजारपेठेपासूनच्या अंतरावरून त्या शेताचा आकार, म्हणजे सरकारी सारा, ठरायचा, आणि तो ३० वर्षं बदलायचा नाही.

सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीने होईल एवढं क्षेत्र डोळ्यांपुढे धरलं होतं. त्याहून लहान वावरं एकाच नंबरात घातली गेली. त्यामुळे एका नंबरात दोन-तीन खातेदार, मधे धुरा, आणि धुऱ्यावरून भांडणं. यातूनच वऱ्हाडच्या महसूल कायद्यात हकशफा आला: एकाच नंबरातल्या सहहिस्सेदाराने आपला हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला तर आतल्याला तो आधी घेण्याचा हक्क. बाजार खुला झाला तरी शेजाऱ्याला दारात उभं राहायची मुभा दिली होती.

खातेदाराला मिळालेला हक्क तिहेरी होता. आकार भरत राहिलं तर कुणी हाकलणार नाही. मेल्यावर मुलांना जाईल. आणि हवं तर दुसऱ्याला देता येईल. सुरुवातीला हे देणंसुद्धा साधं होतं. देणाऱ्याने राजीनामा लिहायचा, घेणाऱ्याने कबुलायत. सरकारी कागदात एक नाव खाली, एक नाव वर. त्यात पैसे किती फिरले याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं, आकार कोण भरणार एवढंच त्याला हवं होतं.

दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात तर गावंच्या गावं ओसाड होती. १८६५ नंतरच्या पडीक जमिनीच्या नियमांखाली ही गावं इजाऱ्याने दिली गेली. पैसेवाल्याने गाव घ्यायचं, कुळं आणून वसवायचं, मुदत संपली की तो त्या गावाचा मालक. बासीम आणि वणी जिल्ह्यांत अशी गावं पुष्कळ होती. मानोरा आणि यवतमाळकडच्या गावांच्या नावापुढे आजही 'इजारा' लागलेलं दिसतं, ते याच व्यवहाराचं.

कापसाचा पैसा, दुष्काळाचा कागद

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वे पुरी झाली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. अकोला, अमरावती, खामगावच्या पयानघाटात, म्हणजे घाटाखालच्या सपाट मुलखात, वावराला भाव चढला. वाशीम घाटावर, अकोला स्टेशनापासून ५२ मैलांवर. इथे ज्वारी जास्त, कापूस कमी, आणि माल बैलगाडीने घाट उतरून न्यावा लागे. त्यामुळे इथली जमीन स्वस्त राहिली. ज्याच्याकडे रोकड होती त्याला ती स्वस्ताई आवडली.

वावराला भाव आला, म्हणजे ते तारण म्हणून चालू लागलं. पूर्वी सावकार पीक आणि बैल बघून पैसे द्यायचा. आता सर्व्हे नंबर बघून देऊ लागला. दस्ताचा प्रकार होता गहाण-लाहाण. त्याची करामत अशी: समजा, कुणब्याने लग्नासाठी किंवा बैल मेला म्हणून २०० रुपये घेतले. कागदावर लिहिलं, अमुक वर्षांत व्याजासह फेडीन; न फेडल्यास हाच कागद खरेदीखत समजावा. मुदत संपली की दस्त आपोआप कूस बदलायचा. कर्जाचा कागद विक्रीचा व्हायचा, आणि २०० रुपयांच्या कर्जाला कितीतरी जास्त किमतीचं वावर जायचं. पूर्वी अशा तक्रारी गावाच्या पंचांपुढे जात आणि पंच मुदत वाढवून देत. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जायचं-यायचं, त्याला एकदम नागवणं सावकारालाही अवघड जात असे. दिवाणी न्यायालयात हे संकोच नव्हते. तिथे दस्तावरचा अंगठा बोलायचा.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगरसाठी होता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागत नसत, एकेक कायदा हैदराबादच्या रेसिडेन्सीमार्फत वेगळा लागू करावा लागे. जमीन विकण्याचा हक्क वऱ्हाडात लवकर पोचला. ती अडचणीत विकावी लागू नये यासाठीचं संरक्षण मागेच राहिलं.

त्याची किंमत शतक संपताना कळली. १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन दुष्काळ आले. १९०१ च्या जनगणनेत बासीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत ११ टक्के घट. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांचा अभ्यास करून दाखवलं आहे की नगदी पिकाचा विस्तार आणि उपासमार इथे हातात हात घालून आली. दुष्काळी वर्षात बाजारात विकणारे शंभर आणि घेणारे चार. अशा वर्षी वावराला भाव कसला? तरीही दस्त होत राहिले, कारण आकार भरायचा होता आणि जुनं कर्ज उभं होतं.

जमीन गेली म्हणजे कुणबी वावरातून उठला, असं मात्र बहुधा झालं नाही. सावकाराला नांगर धरायचा नव्हता. त्याने तेच वावर त्याच माणसाला बटईने किंवा मक्त्याने लावलं. बैल तेच, धुरा तोच, फक्त खळ्यावरची अर्धी रास दुसऱ्याच्या घरी. या साली-दर-साली कुळाला वऱ्हाडच्या कायद्यात फारसा आधार नव्हता. १९३० नंतर जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि गहाण पडलेल्या वावरांची आणखी एक लाट सावकारांच्या नावे चढली. १९३३ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात कर्जतडजोडीचा कायदा आला, मंडळं बसली, कर्जं काही अंशी उतरली. तोवर साठ-सत्तर वर्षांची उलथापालथ होऊन गेली होती.

बाजाराला कुंपण

स्वातंत्र्यानंतर वारं उलटं फिरलं. १९५१ मध्ये वऱ्हाडातल्या शेतीपट्ट्यांचं नियमन करणारा कायदा झाला आणि कुळाला पहिल्यांदा पाय रोवायला जागा मिळाली. १९५८ मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र कुळकायदा झाला. १९६१ आणि १९६३ च्या ठरलेल्या तारखांना कसणाऱ्या कुळांकडे मालकी जाण्याची तरतूद त्यात होती. १९६१ मध्ये महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा आला. त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे जुन्या बासीम जिल्ह्यातलेच. १९७५ मध्ये मर्यादा खाली आली आणि कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची हद्द पडली.

नाईकांचा बंजारा समाज या कहाणीत वेगळ्या दाराने येतो. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे त्यांचं श्रद्धास्थान. बैलांच्या तांड्यांवर धान्य-मीठ वाहणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर व्यवसायातून उठला आणि डोंगराच्या कडेला तांडे करून स्थिरावला. तोवर चांगल्या काळ्या जमिनीला नंबर पडून गेले होते. उरली ती हलकी, बरड जमीन. मोजणीच्या दिवशी कोण जागेवर होतं, यावर पुढच्या पिढ्यांची सोय ठरली.

कुळकायद्याने, भूदानाने, सीलिंगने ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आलं. सरकारी परवानगीशिवाय विकायची नाही. सावकाराच्या हाती पुन्हा जमीन जाऊ नये, हा हेतू उघड होता आणि अनुभवाने शिकवलेला होता. पण कुंपणाला दोन बाजू असतात. वर्ग २ च्या जमिनीवर कर्ज मिळायला त्रास, आणि कूळ लागेल या भीतीने मालकाने वावर लेखी पट्ट्याने द्यायचंच थांबवलं. बटई, मक्ता सगळं तोंडी झालं. आजही वाशीममध्ये पाडव्याला मक्त्याचे सौदे होतात आणि त्यातल्या बहुतेकांचा कागद नसतो. जो कसतो त्याचं नाव कागदावर नाही म्हणून पीककर्ज आणि पीकविम्यासाठी त्याला मालकाच्या दारात जावं लागतं.

बाहेरच्या जगातली तीच गाठ

१९९१ नंतर पूर्व युरोप आणि रशियात सामूहिक शेती मोडून जमिनीचा बाजार उभा करायची घाई झाली, तेव्हा तिथले तज्ज्ञ याच पायऱ्या मांडत होते: मोजणी, नोंदवही, दस्तनोंदणी, गहाणाचा कायदा, न्यायालय, बँक. रशियात शेतजमिनीच्या व्यवहाराचा कायदा २००२ मध्ये झाला. युक्रेनने २००१ मध्ये शेतजमिनीच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती उठवली १ जुलै २०२१ रोजी, तीसुद्धा सुरुवातीला प्रत्येकी १०० हेक्टरांच्या मर्यादेत. आधी बाजार खुला केला तर ज्याच्याकडे आज रोकड आहे तोच सगळं घेऊन जाईल, ही तिथली भीती होती. वऱ्हाडात नेमकं हेच घडलं होतं. इथे मोजणी उत्तम झाली, नोंदी झाल्या, न्यायालय आलं, गिऱ्हाईक आलं. फक्त स्वस्त कर्ज आणि वाईट वर्ष निभावून नेण्याची सोय आली नाही. म्हणून शंभर वर्षं जमिनीचा बाजार हा खरं तर कर्जाचाच बाजार राहिला.

ही गोष्ट जुनी झाली म्हणावी तर तसंही नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली त्यांत वाशीम होता. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात कलम १८ घालावं लागलं: बेकायदा सावकारीत, तारण म्हणून, खरेदीखताच्या नावाखाली गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर चौकशी करून परत देता येते. म्हणजे गहाण-लाहाण एकविसाव्या शतकातही नाव बदलून चालूच होतं, याची ही सरकारी कबुलीच.

नाही म्हणणारा विकणारा

२०१५ मध्ये नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जाहीर झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यापैकी सुमारे ९७ किलोमीटर वाशीम जिल्ह्यात, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या पट्ट्यातून. सरकारचा पहिला प्रस्ताव जमिनीच्या एकत्रीकरणाचा होता: शेती द्या, बदल्यात पुढे विकसित भूखंड घ्या. मार्गावरच्या ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला, मोर्चे निघाले, मोजणी अडली. मग सरकार थेट खरेदीवर आलं आणि जुलै २०१७ पासून खरेदीखतं होऊ लागली. ग्रामीण भागात बाजारमूल्याच्या दुप्पट, त्यावर तेवढाच दिलासा म्हणजे चौपट, आणि संमतीने दिल्यास आणखी २५ टक्के, असा पाचपटीचा हिशेब. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला.

पाचपट पैसे दानधर्म म्हणून मिळाले नाहीत. शेतकरी नाही म्हणू शकला आणि त्याच्या नकाराला वजन होतं, म्हणून भाव बदलला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं पाठबळ त्यामागे होतं, मतांचं होतं, संघटनेचंही होतं. शेवटी नकार टिकवला तर सक्तीचं संपादन आहेच, हेही सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा हा पुरता खुला सौदा नव्हे. पण १८९९ मध्ये अंगठा उठवणाऱ्या कुणब्यापुढे जेवढा अवकाश होता त्याहून हा खूप मोठा होता.

हा अवकाश सर्वांना सारखा मिळाला नाही. खरेदीखत सातबाऱ्यावरच्या नावाशी होतं. तोंडी मक्त्याने कसणाऱ्याचं नाव तिथे बहुधा नसतं. रस्त्यापासून दहा मैलांवरच्या कोरडवाहू सोयाबीनवाल्याला अजूनही गिऱ्हाईक भेटतं ते मुलीच्या लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या वर्षीच, आणि त्या वर्षी भाव गिऱ्हाईक ठरवतं. मोजणीचे नकाशे आता संगणकावर आले, सातबारा मोबाइलवर उतरतो, फेरफार घरबसल्या दिसतो. हे सगळं हवंच. पण नोंद स्वच्छ झाली की व्यवहार फक्त सोपा होतो, रास्त होत नाही. १८६१ ची नोंदही तिच्या काळाच्या मानाने स्वच्छच होती.

वाशीमच्या दीडशे वर्षांनी एक गोष्ट पक्की केली आहे: जमीन विकण्याचा हक्क सरकार एका कायद्याने देऊ शकतं, न विकण्याची ताकद तशी देता येत नाही. ती विहिरीतल्या पाण्यातून, वेळेवर मिळालेल्या पीककर्जातून, विम्याच्या खऱ्या भरपाईतून आणि कसणाऱ्याच्या नावे असलेल्या कागदातून येते. जमिनीचा बाजार किती वाढला हे दस्तांच्या संख्येवरून मोजायची पद्धत आहे. वाशीममध्ये तो मोजायचा तर वाईट वर्षी किती दस्त झाले नाहीत, हे आधी बघावं लागेल.